घरातली हवा बिघडली कशाने? आधी मूळ शोधा



आपल्याकडची अनेक मुले नोकरीनिमित्त ठाणे, कल्याण, डोंबिवलीला स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे राहून आलेले सभासद गट ऑफिसात आम्हाला सांगतात, "ब्लॉक झकास आहे, पण डोकं जड होतं, खोकला जात नाही." ऊस पिवळा पडला की आपण लगेच युरिया फेकत नाही, आधी मुळी उकरून बघतो. घरातल्या हवेचेही तसेच करावे.

१) त्रास केव्हा होतो? आठवडाभर वेळ टिपून ठेवावी. बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर कारण बहुधा घरातच आहे.

२) कोणत्या खोलीत होतो? भिंतीला ओल, काळी बुरशी, कुबट वास आहे का? बुरसलेल्या बगॅसच्या धुळीने कामगारांना फुप्फुसाचा 'बगॅसोसिस' होतो, हे साखरधंद्याला माहीत आहे. तेव्हा भिंतीची बुरशीही साधी समजू नये. डागावर रंग मारण्याआधी गळती बंद करावी.

३) कशातून येतो? मच्छर कॉइल, ताजा रंग, नवे प्लायवूड, फोडणीचा धूर हे घरातले. डोंबिवलीत एमआयडीसी वस्तीला लागूनच आहे. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवट पाऊस पडला होता. बाहेरून उग्र वास येत असेल, तर तेवढा वेळ खिडक्या लावाव्यात आणि वेळ लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात तक्रार द्यावी. एरवी खिडक्या समोरासमोर उघडून हवा खेळती ठेवावी.

सर्वांत घातक वायूला मात्र वासच नसतो. बंद बाथरूममधला गॅस गिझर किंवा बंद खोलीतली कोळशाची शेगडी यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणूस झोपेतच जातो. घरातल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखले, मळमळले, तर सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे व दवाखाना गाठावा. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.

गावाकडेही सावध राहावे. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू जीव घेतो. ज्या घरात माणसे झोपतात, तिथे त्या गोळ्या वापरूच नयेत.

थोडक्यात, आधी उगम बंद करावा, मग हवा खेळती करावी. हवा शुद्ध करण्याचे यंत्र सर्वांत शेवटी. मुलांकडे पुढच्या खेपेला जाल, तेव्हा गिझर कुठे बसवला आहे ते अवश्य पाहून या.

— ऊस विकास अधिकारी