घर कोणाच्या नावे? विवाहाविना संसार करणाऱ्या मातांच्या सुरक्षिततेविषयी

सोलापुरात घराचा प्रश्न हा फार पूर्वीपासून कष्टकरी स्त्रीचा प्रश्न राहिला आहे. तेंदूची पाने आणि तंबाखू घरी आणून, दिवसभर विड्या वळून, त्यांचे कट्टे कारखान्यात मोजून देणाऱ्या आणि तो हिशेब स्वतःच्या नावाच्या पुस्तकात लिहून घेणाऱ्या स्त्रियांनी कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली घरांसाठी दीर्घकाळ लढा दिला. त्या लढ्यातून सोलापूरजवळच्या कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, जिचे हस्तांतरण २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले; पुढे असंघटित कामगारांसाठीच्या रे नगर प्रकल्पातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लाभार्थ्यांना मिळाली. कामगार स्त्रीचे नाव घराच्या कागदावर येणे ही या शहराने कमावलेली गोष्ट आहे, आणि लग्नाविना जोडीदारासोबत राहून मूल वाढवणाऱ्या स्त्रीला अशा कागदाची गरज विवाहितेपेक्षाही अधिक असते.

असे संसार वेगवेगळ्या कारणांनी उभे राहतात. कोठे पहिल्या लग्नाची फारकत न्यायालयातून झालेली नसते, कोठे दोन्ही घरांचा विरोध असतो, तर कोठे दोघांनी समजून उमजून लग्नाविना राहण्याचे ठरवलेले असते. कारण कोणतेही असो, पुन्हा पुन्हा येणारा अनुभव एकच असतो: सगळे सुरळीत चालू असेपर्यंत कागदाची आठवण कोणालाच होत नाही, आणि नाते तुटले किंवा जोडीदार दगावला की त्याचे नातेवाईक दाराशी उभे राहतात व वर्षानुवर्षे घर चालवणाऱ्या स्त्रीला ‘तू कोण?’ असे विचारतात.

कायदा अशा स्त्रीला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा ‘विवाहाच्या स्वरूपाचे नाते’ मान्य करतो. त्यामुळे दोघे एकत्र राहिले त्या सामायिक घरातून कायदेशीर प्रक्रियेशिवाय तिला बाहेर काढता येत नाही, आणि छळ झाल्यास न्यायदंडाधिकारी निवासाचा, पर्यायी जागेच्या भाड्याचा किंवा आर्थिक साहाय्याचा आदेश देऊ शकतात. मात्र या संरक्षणाला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे. दुसरी अशी की, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील वेलुसामी खटल्यात नात्यासाठी काही कसोट्या घालून दिल्या: दोघे लग्नाच्या वयाचे व अविवाहित व लग्नास अन्यथा पात्र असावेत, पुरेसा काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत आणि समाजात जोडपे म्हणून वावरलेले असावेत. पुढे २०१३ मधील इंद्रा सर्मा खटल्यात, पुरुष विवाहित आहे हे ठाऊक असून त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला या अधिनियमाखाली दाद मिळाली नाही. म्हणून जोडीदाराचे आधीचे लग्न खरोखर संपले आहे का, हे त्याच्या शब्दावर न सोडता घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत पाहून ठरवणे, ही पहिली सावधगिरी होय.

मुलाची स्थिती आईपेक्षा काहीशी भक्कम असते. औरस असो वा नसो, अज्ञान अपत्याला पित्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आली आहे. त्यासाठी पितृत्व सिद्ध व्हावे लागत असल्याने जन्मनोंदणीत, दवाखान्याच्या कागदांत आणि शाळेच्या दाखल्यात पित्याचे नाव त्याच्या संमतीने वेळीच लागलेले बरे. ज्या आईला मुलाला केवळ आपल्याच नावाने वाढवायचे आहे तिलाही मार्ग मोकळा आहे, कारण अविवाहित मातेला पित्याचे नाव उघड न करता पालकत्व मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला आहे.

वारशाच्या बाबतीत आईच्या नावाचे मोल सर्वांत स्पष्टपणे दिसते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ विवाहबाह्य अपत्याचे नाते आईशी निःसंशय जोडतो. पित्याच्या मालमत्तेवरील त्याचा दावा मात्र विवाह झाला होता काय, झाला असल्यास तो रद्दबातल होता काय, अशा वादांत अडकू शकतो. लग्नाविना सोबत राहणारी स्त्री स्वतः तर जोडीदाराच्या वारसांच्या यादीत कोठेच नसते. म्हणजे घर आईच्या नावे असेल तर ते मुलाकडे सहसा सरळ जाते, आणि केवळ जोडीदाराच्या नावे असेल तर मायलेकरे दोघेही कोर्टकज्जात सापडण्याची भीती असते.

येथे एक चूक विशेष महाग पडते. स्त्री आपली बचत, भिशीचे पैसे, प्रसंगी अंगावरचे दागिने मोडून घरासाठी देते आणि खरेदीखत मात्र जोडीदाराच्या नावे होते. बेनामी व्यवहारविरोधी कायद्यात पती-पत्नी व अपत्ये यांच्या नावे केलेल्या खरेदीला सूट आहे, पण लग्नाविना सोबत राहणारा जोडीदार त्या सवलतीत बसत नाही. त्यामुळे ‘पैसे माझेच होते’ असे सांगून घर परत मागणे जवळपास अशक्य होऊन बसते. यासाठी खरेदीखतात दोघांची नावे आणि प्रत्येकाचा हिस्सा स्पष्ट लिहावा, रक्कम रोखीने न देता स्वतःच्या बँक खात्यातून द्यावी आणि कर्ज संयुक्त असल्यास मालकीही संयुक्त आहे याची खातरजमा करावी.

घर भाड्याचे असेल तर भाडेकरारात स्त्रीचेही नाव घालून तो नोंदवून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तो करार आसऱ्याचा तसेच एकत्र राहण्याचाही पुरावा ठरतो.

पैशांबाबत नामनिर्देशनावर विसंबून चालत नाही. नामनिर्देशित व्यक्ती बँकेतील रक्कम स्वीकारते, परंतु सामान्यतः ती वारसांची विश्वस्त म्हणूनच. आणि भविष्य निर्वाह निधीत सदस्याला कुटुंब असताना बाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशन ग्राह्य धरले जात नाही, म्हणून तेथे मुलाचे नाव लावणे शहाणपणाचे. जोडीदाराला खरोखर काही द्यायचे असेल तर मृत्युपत्र करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात आणि नोंदणी सक्तीची नसली तरी पुढचा वाद टाळण्यासाठी ती करावी.

वकिलाच्या खर्चाच्या धास्तीने थांबण्याचे कारण नाही, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क देतो. सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि छळाच्या प्रसंगी संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा १८१ या क्रमांकावर दाद मागता येते. परंतु न्यायालयात नाते सिद्ध करण्यापेक्षा नाते चांगले असताना कागद करणे कितीतरी सोपे असते. जोडीदाराकडे असे कागद मागण्यात अविश्वास मुळीच नाही, कारण त्याच कागदांवर दोघांच्या लेकराचे छप्पर टिकून राहणार असते, आणि ज्याला ते लेकरू आपले वाटते त्याला सही करताना अडचण वाटण्याचे कारण नाही.