दोन आठवड्यांचा खोकला

खोकला हा स्वतः रोग नव्हे. श्वासनलिकेत शिरलेली धूळ, धूर वा साचलेला कफ बाहेर टाकण्याची ती शरीराची स्वाभाविक क्रिया होय. सर्दीपडशाचा खोकला बहुधा विश्रांतीने ओसरतो. चुलीचा धूर, विडी व दमा हीही त्याची कारणे आहेत.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला क्षयरोगाचा असू शकतो. सायंकाळचा ताप, घटते वजन, थुंकीतून रक्त ही त्याची अन्य लक्षणे. शासकीय आरोग्य केंद्रामार्फत थुंकीची तपासणी व औषधोपचार विनामूल्य होतात. नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णास पोषणासाठी दरमहा १,००० रुपये साहाय्य मिळते.

सर्वसाधारण क्षयरोगाचे उपचार ६ महिने चालतात. शिरूर व दौंड तालुक्यांत येणाऱ्या ऊसतोड कामगारांचा हंगाम बहुधा त्याआधीच संपतो आणि टोळ्या गावी परततात. उपचार अर्धवट राहिल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात. रुग्णाची नोंद त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येते. यासाठी पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी टोळी निघण्यापूर्वीच कोप्यांवर जाऊन विचारपूस करणे अगत्याचे आहे.