'उद्धार' या शब्दाविषयी थोडेसे

इथे वाढणाऱ्या मुलांना 'उद्धार' समजावताना आपण 'रिडेम्प्शन' म्हणतो आणि मोकळे होतो. 'अहल्योद्धार' म्हणजे 'रिडेम्प्शन ऑफ अहल्या'. रविवारच्या बालवर्गात गोष्टी सांगताना मला हे भाषांतर खटकते.

'रिडेम्प्शन'चे मूळ लॅटिन 'रेदिमेरे', म्हणजे परत विकत घेणे. युद्धकैदी किंवा गुलाम पैसे भरून सोडवणे, गहाण वस्तू सोडवून आणणे, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. येशूने प्राणांचे मोल देऊन मानवाला पापातून सोडवले, या ख्रिस्ती श्रद्धेला तो शब्द अगदी चपखल बसतो. म्युच्युअल फंडाचे पैसे काढतानाही कागदावर तोच शब्द असतो.

आपला शब्द उद् + हृ या धातूपासून आला, म्हणजे वर काढणे. (संधीने 'उद्धार' होतो, म्हणून द ला ध जोडावा; पत्रिकांवर सर्रास 'उध्दार' छापतात!) भागवताच्या आठव्या स्कंधात विष्णू गजेंद्राला मगरीसकट सरोवराबाहेर ओढतात, तिथे क्रियापद याच धातूचे आहे. बुडणाऱ्याला हात दिला, किंमत कोणी कोणाला मोजली नाही. पडक्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, पुस्तकातून उचललेले ते उद्धरण. गंमत म्हणजे वाण्याकडचे 'उधार'ही याच शब्दातून आले, कारण संस्कृतात 'उद्धार'चा एक अर्थ ऋण असाही आहे. आणि कोणी आपल्या सात पिढ्यांचा 'उद्धार' केला, तर काय झाले ते सांगायला नकोच!

आता अहल्या. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात ती शिळा झालेली नाही. शापामुळे ती कोणाला न दिसता, वायुभक्षण करीत आश्रमात तप करते. राम आल्यावर शाप संपतो आणि राम-लक्ष्मणच तिचे पाय धरतात. शिळा आणि रामाच्या पायाचा स्पर्श हे नंतरच्या ग्रंथांतले. मूळ कथेतली ही तपस्विनी 'विकत परत घेतली' असे कसे म्हणावे? गीतेच्या सहाव्या अध्यायात तर स्वतःचा उद्धार स्वतःच करावा असे सांगितले आहे. तिथे 'रिडेम्प्शन' घातले की अर्थच बिघडतो.

मी मुलांना सध्या 'लिफ्टिंग अप' सांगते. जरा ओबडधोबड आहे खरे. कोणाला याहून चांगला शब्द सुचल्यास जरूर कळवावा.