तिघांत मागे फिरणारा कोण?

म्हैसूर

चि. निनाद,

सुलूकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, तेही लक्षात ठेवलंय. सांकरीहून केदारकंठा करणार, इथवर ठीक. पण तिथे हल्ली माणसांची रांग लागते, म्हणून तुम्ही तिघं मळलेली वाट सोडून, गाईड न घेता, भलत्याच धारेने माथा गाठणार म्हणे! खोटं असेल तर सुलूचे कान उपटते. खरं असेल तर एवढंच सांग, तुमच्या तिघांत ‘चला, मागे फिरू’ म्हणणारा कोण?

तू तर नव्हेसच. कुमारपर्वत तू अंगात ताप घेऊन चढलास, का तर बाकीचे निघाले होते. घरी येऊन आईला सर्दी म्हणून सांगितलंस. तिथे निदान जळवांवर भागलं.

म्हैसुरात स्वेटरसुद्धा लागत नाही, मावशीला बर्फातलं काय कळतं, असं म्हणशील. वाचते मी. हिमस्खलनाला तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सगळ्यांत वाईट. ताजा बर्फ वाऱ्याने ढकलून दाबला की त्याचा घट्ट थर होतो. खाली सैल, दाणेदार बर्फ असला तर तो थर रव्याच्या ढिगावर पाटा ठेवावा तसा बसलेला असतो. वरून काही दिसत नाही, आणि माणसं त्यात सापडतात तेव्हा बहुतेक वेळा तो त्यांच्याच पायांनी सुटलेला असतो. गाडल्या गेलेल्याला पंधरा मिनिटांत उकरून काढलं तर आशा, पुढे ती झरझर घटते. म्हणजे काढायचं ते सोबतच्यांनीच. तुमच्याकडे गाडलेला माणूस शोधायचे ट्रान्सीव्हर आहेत? फावडं? की तिघांचे तीन मोबाईल आणि सेल्फी स्टिक?

४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे २९ जण हिमस्खलनात गेले. शिकवणारी सविता कंसवालही त्यांत होती, त्याच वर्षी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू करून आलेली! जून २०२४ मध्ये सहस्रतालला २२ जण गेले होते, बहुतेक आपल्या कर्नाटकातले. वाट होती, गाईड होते, महिना उन्हाळ्याचा होता. हिमवादळात अडकून नऊ जण दगावले. इथल्या पेपरांत फोटो आले तेव्हा पेपर पालथा घालून ठेवला मी. तुम्ही तर भर थंडीत, वाट सोडून निघालात. मागे फिरू म्हणणारा कोण रे?

तुझ्या आईलाही ठाऊक नाही, ते सांगते. महाराणी कॉलेजात असताना उत्तरकाशीच्या त्याच संस्थेच्या मुलींच्या बेसिक कोर्सचा फॉर्म मी मागवला होता. आप्पा ‘नको’ म्हणाले. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. अजूनही चामुंडीच्या पायऱ्या चढताना नंदीपाशी दम खायला बसले की तो फॉर्म आठवतो. आप्पांचा राग कधीच गेला, पण आपण एका ‘नको’वर गप्प बसलो हे जात नाही. म्हणून तुला ‘जाऊच नको’ म्हणायला जीभ रेटत नाही. त्या संस्थेचा बेसिक कोर्स तू कर, फी मी भरते. बर्फावर घसरलास तर आइस ॲक्स रोवून स्वतःला कसं अडवायचं, ते तिथे नीट घोटवून घेतात. मग कर हवी ती धार.

या खेपेला मात्र गाईड घे आणि वाटेनेच जा. किती वाजता माघारी वळायचं ते आदल्या रात्रीच ठरवा, माथा समोर दिसत असला तरी. आणि ते म्हणणारा तू हो. मित्र हसले तर माझ्यावर ढकल. मावशी खवट आहे, घरात घेणार नाही म्हणावं.

फार बोलले का? बुटांचे पैसे पाठवलेत, भाड्याचे घेऊ नकोस, तुझ्या पायाला ते नेहमी चावतात. सुती बनियन घालू नकोस, घामाने भिजलं की अंग गारठतं. मेथीचे लाडू सुलूकडे दिलेत. कडू झालेत जरा, तरी खा. थोडे मित्रांनाही दे, नाहीतर ते म्हणतील मावशी नुसतीच रागावते. खाली उतरलास की फोन कर. रात्रीचे दोन वाजले असले तरी चालेल, मी काही झोपलेली नसेन.

तुझी
कुमीमावशी