पांढऱ्या चेंडूची शिस्त

कॅरम तुम्ही सर्वांनीच खेळला असेल. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कोठेही जा. पावसाची झड लागली की ओसरीवर कॅरमचा पट मांडला जातो. याच खेळाशी नाते सांगणारा, परंतु मोठ्या टेबलावर खेळावयाचा एक खेळ आहे. त्याचे नाव स्नूकर.

या खेळाचे जन्मस्थान आपल्यापासून फार दूर नाही. भंडाऱ्याच्या उत्तरेस जबलपूर शहर आहे. 1875 साली तेथील छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू मांडून हा नवा खेळ सुरू केला, असे मानतात. त्या काळी जबलपूर व भंडारा हे दोन्ही जिल्हे मध्य प्रांतात होते.

स्नूकरचे टेबल सुमारे 12 फूट लांब व 6 फूट रुंद असते. त्यावर हिरवे लोकरी कापड ताणून बसविलेले असते. कडेला सहा पॉकेटे असतात. चेंडू एकंदर 22. त्यांपैकी 15 तांबडे, 6 निरनिराळ्या रंगांचे व एक पांढरा. क्यू नावाच्या लांब काठीने केवळ पांढऱ्या चेंडूलाच टोला द्यावयाचा आणि त्याच्या धक्क्याने दुसरा चेंडू पॉकेटात घालावयाचा. तांबड्याचा 1 गुण. तांबडा गेला की एक रंगीत चेंडू घेण्याचा हक्क मिळतो. पिवळ्याचे 2, हिरव्याचे 3, तपकिरीचे 4, निळ्याचे 5, गुलाबीचे 6 आणि काळ्याचे 7 गुण असतात.

कॅरम व स्नूकर यांत एक महत्त्वाचा भेद आहे. कॅरममध्ये सोंगटी गेली की स्ट्रायकर उचलून पुन्हा आपल्या रेषेवर ठेवता येतो. स्नूकरमध्ये तशी सवलत नाही. पांढरा चेंडू जेथे थांबला, तेथूनच पुढचा टोला मारावा लागतो. म्हणून ‘हा चेंडू पॉकेटात जाईल काय?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘तो गेल्यावर पांढरा कोठे थांबेल?’ हेही आधीच ठरवावे लागते. नवशिका येथेच चुकतो. तो सारे बळ एकवटून टोला मारतो. तांबडा पॉकेटात जातो, बघणारे वाहवा करतात. पण पांढरा भरकटत जाऊन अशा जागी बसतो की पुढचा टोलाच साधत नाही.

मग प्रगती कशी व्हावी? प्रथम टोला सरळ बसला पाहिजे. क्यू घट्ट आवळून धरू नये. हनुवटी क्यूच्या वर आणून नजर त्याच रेषेत ठेवावी. टोला मारताना डोके हलवू नये व अंग उचलू नये. यासाठी एक सोपी कसोटी आहे. टेबलाच्या मधोमध लांबीच्या रेषेवर तपकिरी, निळ्या, गुलाबी व काळ्या चेंडूंच्या जागांच्या खुणा असतात. रिकाम्या टेबलावर पांढरा चेंडू तपकिरीच्या खुणेवर ठेवून त्या रेषेवरून समोरच्या रबरी काठावर मारावा. टोला सरळ असेल तर चेंडू त्याच रेषेने परत येतो. वाकडा असेल तर बाजूला जातो. येथे सबब चालत नाही.

त्यानंतर पांढऱ्याला आवर घालण्यास शिकावे. मध्याच्या वर टोला दिला तर तो धडकेनंतर पुढे जातो; मध्याच्या खाली नेमका दिला तर मागे येतो. जवळचा, सरळ समोरचा चेंडू असेल आणि मध्यावर टोला बसला, तर पांढरा जागच्या जागी थांबतो. आरंभी हेच साधावे. हळू मारावे आणि पांढरा ठरलेल्या जागी थांबला की नाही, ते प्रत्येक वेळी पाहावे.

अशा सरावाचे फळ काय मिळते, हे विल्सन जोन्स यांच्या चरित्रात दिसते. ते 1922 साली पुण्यात जन्मले. राष्ट्रीय बिलियर्ड्स अजिंक्यपद त्यांनी 12 वेळा आणि स्नूकरचे 5 वेळा जिंकले. 1958 साली कलकत्त्यास ते बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात असा मान मिळविणारे ते स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू होत. 1964 साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तेच पद पुन्हा मिळविले. पुढे त्यांनी इतरांस शिकविले आणि 1996 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार लाभला.

स्नूकरचे टेबल महाग असते. ते गावोगावी आढळणार नाही. परंतु हाताला वळण लावण्यास टेबलच हवे असे नाही. एक रिकामी बाटली आडवी ठेवावी आणि गुळगुळीत, सरळ काठीचे टोक तिच्या तोंडातून आत-बाहेर न्यावे. काठी काचेला लागता कामा नये. प्रथम ती खडखड वाजेल; रोजच्या सरावाने आवाज कमी होत जाईल.

आपण एक काम जेथे आणून सोडतो, तेथूनच दुसऱ्याला आरंभ करावा लागतो. पांढऱ्या चेंडूची ही शिस्त अभ्यासात व व्यवहारातही ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

प्रश्न

1. कॅरम व स्नूकर यांत कोणता महत्त्वाचा भेद आहे?
2. टोला सरळ आहे की नाही, हे कसे ओळखावे?
3. ‘येथे सबब चालत नाही’ असे लेखक का म्हणतो?
4. तुमच्या आवडत्या खेळात नवशिका कोठे चुकतो, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.