‘फिस्कल’ : टोपलीपासून राजकोषापर्यंत

स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिकेत ‘राजकोषीय तूट’ ही संज्ञा हमखास आढळते. अनेक विद्यार्थी तिची व्याख्या केवळ पाठ करतात. मूळ इंग्रजी ‘फिस्कल डेफिसिट’ या शब्दांची व्युत्पत्ती पाहिली, तर ती सहज उमगते.

लॅटिनमध्ये ‘फिस्कस’ म्हणजे विणलेली टोपली. पुढे पैशाची थैली किंवा पेटी. रोमन प्रजासत्ताकाचा खजिना ‘एरेरियम’ सॅटर्न देवतेच्या मंदिरात असे व त्यावर सिनेटचे नियंत्रण असे. साम्राज्यकाळात सम्राटाच्या खजिन्यास ‘फिस्कस’ म्हटले जाऊ लागले आणि कालांतराने तोच प्रबळ ठरला. मालमत्ता या पेटीत जमा करून घेणे म्हणजे ‘कन्फिस्केट’, अर्थात जप्ती. सोळाव्या शतकात इंग्रजीत रुळलेल्या ‘फिस्कल’चे मूळ हेच.

संस्कृत ‘कोश’ शब्दाचा प्रवासही असाच आहे. आवरण, म्यान, पात्र आणि मग भांडार. कौटिल्याने राज्याच्या सात अंगांत कोशाची गणना केली आहे. म्हणूनच ‘राजकोषीय’ हा प्रतिशब्द समर्पक ठरतो.

लॅटिन ‘डेफिसिट’चा अर्थ ‘कमी पडते’. एकूण खर्चातून महसुली जमा व कर्जेतर भांडवली जमा वजा केल्यास टोपलीत जे कमी पडते, ती राजकोषीय तूट. ती कर्जाने भरून काढावी लागते. महसुली खर्च महसुली जमेपेक्षा जितका अधिक, तितकी महसुली तूट.

या तुटीस कायद्याची मर्यादा घालणारे पहिले राज्य कर्नाटक. बंगळुरू येथील विधिमंडळाने २००२ मध्ये राजकोषीय उत्तरदायित्व कायदा संमत केला. ३१ मार्च २००६ पर्यंत महसुली तूट शून्यावर आणि राजकोषीय तूट राज्य सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत आणणे, ही त्याची उद्दिष्टे होती. केंद्राचा कायदा २००३ चा, तर महाराष्ट्राचा २००५ चा.

रोमचा फिस्कस सम्राटाच्या हाती होता. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ नुसार एकत्रित निधीतील पैसा कायद्याने ठरलेल्या रीतीखेरीज खर्च करता येत नाही. मात्र आज काढलेले कर्ज उद्याच्या करदात्यास, म्हणजे आजच्या विद्यार्थ्यासच, फेडावे लागते. टोपली कोणाची, हा प्रश्न म्हणूनच केवळ परीक्षेपुरता नाही.