मियाटात होंडाचं इंजिन बसवताना

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ पहिल्यांदा दाखवली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. दोघांपुरती, उघड्या टपाची, साडेनऊशे किलोंच्या आसपासची ही गाडी वळणावर अशी फिरते की तिच्या कैक पट महागड्या गाड्यांनी शिकावं. पहिल्या पिढीचं १.६ लिटरचं इंजिन मात्र ११६ अश्वशक्तीचंच. कोणी या गाडीत फोर्डचं किंवा शेव्हरोलेचं व्ही-८ बसवतात. तो धडाका मोठा असतो. मला होंडाचं के-२४ पटतं. माझदाच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, होंडाचा अ‍ॅल्युमिनियमचा. त्यामुळे सिलिंडर मोठे होऊनही गाडीचं नाक फारसं जड होत नाही. शिवाय माझदाचाच गिअरबॉक्स ठेवता येतो. ताकद वाढवताना गाडीचा मूळ तोल जपणं, हेच या कामात सगळ्यात मोलाचं आहे.

आधी कागद. कॅलिफोर्नियात नवं इंजिन गाडीच्या सालातलं किंवा त्यानंतरचं हवं, त्याच्यासोबतची धूरनियंत्रणाची सगळी सामग्री जागेवर हवी आणि सरकारने नेमलेल्या रेफरीकडून तपासणी करून घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये बदललेल्या इंजिनाचा क्रमांक डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याला कळवावा लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, म्हणून इथल्या रस्त्यावरच्या गाडीवर हा प्रयोग करू नका. पुढची कृती १९९० ते ९७ मधल्या, डावीकडे स्टीअरिंग असलेल्या गाडीची आहे.

इंजिन निवडताना २००४ ते २००८ मधल्या अ‍ॅक्युरा टीएसएक्सचं के-२४-ए-२ शोधा. ते २३५४ घन सेंटिमीटरचं आहे, ताकद २०० ते २०५ अश्वशक्ती. नंतरच्या काही के-२४ इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो. ती या कामाला गैरसोयीची. भंगारवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, वरचं झाकण काढून कॅमच्या उंचवट्यांवर ओरखडे आहेत का ते पाहा. इंजिन सुरू करून बघता आलं तर थंड असताना टायमिंग चेनकडून खडखड येते का ते ऐका. टीएसएक्सचा थ्रॉटल बॉडी विजेवर चालतो, मियाटाचा अ‍ॅक्सिलरेटर केबलचा आहे. म्हणून केबलवाला थ्रॉटल बॉडी आणि त्याला जुळणारा इनटेक मॅनिफोल्ड वेगळा घ्यावा लागेल.

या जोडीसाठी तयार संच मिळतात: सबफ्रेम, फाउंडेशनं, ऑइल चेंबर, अडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील, एक्झॉस्ट. पहिल्याच कामाला तोच घ्या. फाउंडेशन घरी वेल्ड करता येतं. अडॅप्टर प्लेट घरी अचूक कापता येत नाही.

जुनं इंजिन जागेवर आहे तोवर मोजमापं घ्या. मियाटात गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट जाते, तिला पीपीएफ म्हणतात. गिअरबॉक्सच्या शेपटाला दुसरा आधारच नाही. त्याची जमिनीपासूनची उंची, पीपीएफचा कोन आणि बोल्टांच्या जागा टिपून ठेवा. खुणा केल्या नाहीत तर शेवटी गाडी एका ठरावीक वेगाला थरथरते आणि कारण शोधता शोधता माणूस थकतो.

काढण्याचं काम सरळ आहे. पेट्रोलच्या पंपाचा रिले उपसून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पेट्रोलच्या नळीतला दाब उतरतो. मग डिकीतली बॅटरी सोडा. एसीचा गॅस यंत्रानेच काढून घ्या. बॉनेट, रेडिएटर, प्रॉपेलर शाफ्ट काढा, गिअरबॉक्सखाली जॅक लावून मगच पीपीएफ सोडा, आणि इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच वरून उचला. गाडीखाली शिरण्याआधी स्टँड पक्के बसलेत का, ते गाडी हलवून बघा.

खरी मेहनत टेबलावर आहे, आणि तिथे घाई करणारा पुढे पस्तावतो. होंडाचं इंजिन मूळचं आडवं बसणारं, पुढची चाकं फिरवणारं. त्याचा चेंबर मियाटाच्या सबफ्रेमवर आपटेल, म्हणून संचातला चेंबर लावा. तो कोणत्या ऑइल पंपासाठी बनवला आहे ते आधी तपासा, कारण के-२४ च्या पंपासोबत बॅलन्स शाफ्टही येतात आणि होंडाच्याच काही के-२० इंजिनांचा पंप त्यांच्याविना आटोपशीर असतो.

दुसरी गोष्ट पायलट बेअरिंगची. मियाटाच्या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक इंजिनाच्या बाजूला टेकतं. होंडाच्या क्रँकमध्ये ती सोय नाही. संचाच्या फ्लायव्हीलमध्ये हे बेअरिंग बसलंय का, ते हाताने फिरवून खात्री करा. क्लच प्लेटच्या मधल्या खाचा माझदाच्या शाफ्टवर सरकवून बघा आणि प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, तेही पाहून घ्या.

आता अडॅप्टर प्लेट. दोन्ही बाजू तेलमुक्त करा, डॉवेल पिना पूर्ण बसवा. स्पार्क प्लग काढा, डायल गेजचं चुंबकी बूड फ्लायव्हीलवर ठेवा आणि काटा प्लेटच्या सपाट पृष्ठावर टेकवून क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. मधलं भोक केंद्राला धरून कापलेलं असेल तर त्याच्या कडेवरही असंच वाचन घ्या. काटा एक दशांश मिलिमीटरहून बराच जास्त हलला, तर प्लेटखालचा कचरा, पिना आणि प्लेट यांची पुन्हा तपासणी करा. हा दोष अंगावर घेऊन गाडी जोडली तर क्लच नीट सुटत नाही, पायलट बेअरिंग ओरडतं आणि शेवटी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग जातं. त्यानंतर गिअरबॉक्स हातानेच सरकवा. तो इंजिनाला पूर्ण टेकेपर्यंत एकही बोल्ट आवळायचा नाही. फट राहिली तर क्लच प्लेट मध्यावर नाही असं समजा. बोल्टाने ओढलंत तर केसिंगचा कान तुटेल.

जोड खाली उतरवताना लक्षात ठेवा, के-२४ चा ब्लॉक के-२० पेक्षा १९.५ मिलिमीटरने उंच आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे ठेवून ते अलगद बंद करून पाहा. या मांडणीत एक्झॉस्ट उजवीकडे येतो. उजव्या स्टीअरिंगच्या गाडीत तो नेमका स्टीअरिंग शाफ्टच्या वाटेत असतो, तिथे वेगळा मॅनिफोल्ड लागतो. पीपीएफ जुन्या खुणांवर आणा, मगच फाउंडेशनं शेवटची आवळा.

पाणी आणि पेट्रोल यांत थोडकं सांगण्यासारखं: रेडिएटर मोठा घ्या आणि हीटरच्या नळ्या एक्झॉस्टपासून लांब न्या. जुनी फ्युएल रेल गेली की तिच्यावरचा प्रेशर रेग्युलेटरही गेला, म्हणून परतीच्या लाइनवर नवा बसवा.

वायरिंगसाठी होंडाची हार्नेस आणि हॉन्डाटाचा के-प्रो सर्किट बोर्ड लावलेला होंडा ईसीयू (इंजिनाचा संगणक) ही रुळलेली वाट आहे. इमोबिलायझर त्यातच बंद करता येतो. अर्थच्या वायरी ब्लॉक आणि हेड दोन्हींवरून बॉडीपर्यंत जाड न्या. सेन्सरच्या निम्म्या तक्रारी कच्च्या अर्थमधून येतात.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढा, आणि तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवा. मग फ्यूज लावा. सुरू झालं की पाण्यातली हवा निघेपर्यंत आणि पंखा आपोआप लागेपर्यंत गाडी जागेवरच ठेवा, हातात टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा.

१.६ च्या गाडीचं डिफरन्शिअल लहान आहे, ते हा जोर फार दिवस सोसत नाही. १९९४ पासूनच्या १.८ चं मोठं डिफरन्शिअल घ्या, आणि त्याच गाडीचे मोठ्या डिस्कचे पुढचे ब्रेकही. हे दोन्ही बसल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नका. पहिल्या फेरीनंतर फाउंडेशनं, पीपीएफ आणि एक्झॉस्टचे बोल्ट थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.